'क्रॉस' म्हणजे नक्की काय काय? नाशिककरांनी वारंवार विचारलेले प्रश्न

सातपूरला मी संध्याकाळची इंग्रजीची बॅच घेतो. कारखान्यातले ऑपरेटर, द्राक्षबागायतदारांची मुलं, नर्सिंगच्या मुली, दोन-तीन रिटायर्ड काका असे सगळे येतात आणि गेली काही वर्षं सगळ्यात जास्त प्रश्न एकाच शब्दावर येतात, तो म्हणजे क्रॉस. शब्द एवढासा, पण चर्चपासून चेकपर्यंत आणि द्राक्षापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे घुसलेला. म्हणून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. एक गोष्ट आधी सांगतो, ती पुढे सगळीकडे कामाला येईल. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, फुली आणि आडवं. क्रॉसचे जवळजवळ सगळे अर्थ या दोघांपैकी एकाच्या हाताला लागतात.

१. सर, क्रॉस हा शब्द मुळात आला कुठून? तो धार्मिकच आहे का?

हो, इंग्रजीत तो धर्मातूनच आला. लॅटिनमध्ये क्रक्स म्हणजे माणसाला टांगून मारायचा खांब. रोमन लोक गुलामांना आणि बंडखोरांना ही शिक्षा द्यायचे, येशूलाही तीच दिली. लॅटिनमधून तो शब्द जुन्या आयरिश भाषेत क्रॉस झाला, तिथून उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडे आणि मग इंग्रजीत. त्याआधी इंग्रजीत याला रूड म्हणायचे, तो शब्द आता फक्त जुन्या चर्चच्या वर्णनात सापडतो. म्हणजे आधी ते लाकूड, मग त्या लाकडाचा आकार म्हणजे फुली, आणि मग एक रेघ दुसरीला आडवी जाते म्हणून आडवं जाणं. हा क्रम लक्षात ठेवला की बाकीचं आपोआप उलगडतं.

२. मराठीत क्रूस म्हणायचं, वधस्तंभ म्हणायचं की क्रॉस?

तिन्ही चालतं, पण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. मराठी बायबलात वधस्तंभ आहे आणि अर्थाच्या दृष्टीने तो फार प्रामाणिक शब्द आहे, कारण तो आकार सांगत नाही, काम सांगतो. कॅथलिक मंडळी क्रूस म्हणतात, तो पोर्तुगीजांच्या क्रूझवरून आला, गोव्यात त्याचाच खुरीस झाला. गळ्यातल्या लॉकेटला मात्र सगळे क्रॉसच म्हणतात. ख्रिस्ती माणसाशी बोलताना क्रूस किंवा क्रॉस म्हणा, त्याला 'प्लसचं चिन्ह' म्हणू नका, मी स्वतः ऐकलंय आणि समोरच्या बाईंचा चेहरा उतरलेलाही पाहिलाय.

३. चर्चमध्ये कुठे नुसती फुली असते, कुठे त्यावर येशूची मूर्ती असते. दोन्ही क्रॉसच का?

मूर्ती असेल तर इंग्रजीत त्याला क्रुसिफिक्स म्हणतात, नुसता असेल तर क्रॉस. साधारणपणे कॅथलिक चर्चमध्ये मूर्तीसह आणि प्रॉटेस्टंट चर्चमध्ये नुसता दिसतो. आपल्याकडे दोन्ही परंपरा आहेत, त्र्यंबक रोडचं होली क्रॉस चर्च कॅथलिक आणि शरणपूर रोडचं संत आंद्रिया चर्च प्रॉटेस्टंट परंपरेतलं. ज्यांना वाटतं नाशिकला या शब्दाशी काय देणंघेणं, त्यांनी शरणपूर रोडचं नाव आठवावं, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही तिथे आणून शिकवलं होतं, त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला प्रसिद्ध संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचं पार्थिव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि लंडनच्या अंत्यविधीला हजर होता.

आणि येशूचे शिष्य संत आंद्रिया यांचा क्रॉस उभा नसतो बरं का, तिरका असतो, आपण शाळेत चुकीच्या उत्तरावर मारतो तसा. परंपरा सांगते की त्यांना तशाच तिरक्या खांबावर मारलं. स्कॉटलंडच्या निळ्या झेंड्यावरची पांढरी फुली तीच.

४. 'शी इज क्रॉस विथ मी' म्हणजे काय? ती माझ्या आडवी गेली?

ती तुमच्यावर चिडलीय. पण तुमचा अंदाज वाटतो तेवढा चुकीचा नाही. समोरून आडवा येणारा वारा म्हणजे क्रॉस वारा, त्यावरून विरोधात जाणारा, आणि त्यावरून चिडका असा अर्थ सरकत गेला. आपण नाही का म्हणत, तो फार आडवं बोलतो, आडमुठा आहे? अगदी तीच वाट दोन भाषांनी वेगवेगळी चालून गाठलीय. हे मला फार आवडतं. क्रॉस म्हणजे मोठा राग नाही, आई रुसल्यासारखं बोलते तेवढाच.

५. 'आय अक्रॉस द रोड' बरोबर आहे का?

नाही, आणि ही चूक दर बॅचला किमान पाच जण करतात. क्रॉस हे क्रियापद आहे, ओलांडणे. अक्रॉस क्रियापद नाही, ते पलीकडे किंवा आडवं. 'आय क्रॉस्ड द रोड' आणि 'द बँक इज अक्रॉस द रोड'. आणखी एक, आपण मराठीत 'रस्त्यावरून क्रॉस केलं' म्हणतो म्हणून इंग्रजीत मध्ये फ्रॉम किंवा टू घालतो, तसं नको, क्रॉसनंतर थेट रोड. मांजर आडवं गेलं हेसुद्धा याच क्रियापदाने सांगतात, कॅट क्रॉस्ड माय पाथ.

६. चेक क्रॉस करा म्हणतात, म्हणजे चेकवर फुली मारायची ना?

नाही! हा प्रश्न मी मुद्दाम मोठा घेतोय कारण यात लोकांचं नुकसान होतं. माझ्याकडे अंबडच्या एका वर्कशॉपमधला मुलगा यायचा. साहेबांनी त्याला सांगितलं, चेक क्रॉस करून पार्टीला दे, तर त्याने चेकच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत निळ्या पेनाने मस्त मोठी फुली मारली, नाव, रक्कम, सही सगळ्यावरून. बँकेने अर्थातच परत केला, पार्टीला वाटलं हे पैसे द्यायचे टाळतायत आणि त्या पोराला दोन दिवस बोलणी खावी लागली. चूक त्याची नव्हती, कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

चेक क्रॉस करणं म्हणजे चेकच्या तोंडावर, बहुतेक डाव्या वरच्या कोपऱ्यात, दोन समांतर तिरक्या रेघा मारणं. एकमेकींना न छेदणाऱ्या. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यात हे दिलंय. म्हणजे नाव क्रॉस असलं तरी त्या रेघांची फुली होतच नाही, त्या चेकला आडव्या जातात म्हणून क्रॉस. असा चेक काउंटरवर रोख मिळत नाही, बँकेमार्फत खात्यातच जमा होतो. रेघांमध्ये एखाद्या बँकेचं नाव लिहिलं तर ते स्पेशल क्रॉसिंग, मग पैसे त्याच बँकेमार्फत जातात. आणि 'अकाउंट पेयी' लिहिलं तर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. हे शब्द मूळ कायद्यात नाहीत, पण रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय की असा चेक दुसऱ्या कुणाच्या खात्यात घ्यायचा नाही.

एक बारीक गोष्ट, तुम्हाला कुणी साधा, रेघा नसलेला चेक दिला तर तुम्ही स्वतःसुद्धा तो क्रॉस करू शकता, कायद्यात धारकाला तशी परवानगी आहे. वाटेत हरवला तर निदान रोख निघणार नाही. आणि चेकची मुदत तीन महिने असते, हे २०१२ पासून आहे, आधी सहा महिने होती, काही काकांच्या डोक्यात अजून सहाच आहेत.

७. मग क्रॉस चेक, कॅन्सल चेक आणि क्रॉस-चेक यात फरक काय?

क्रॉस चेक वर ६ मध्ये झाला. कॅन्सल चेक म्हणजे पीएफला किंवा नवीन नोकरीत खातं नंबर दाखवायला देतो तो, त्यावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा मारून मध्ये मोठ्या अक्षरात कॅन्सल्ड लिहितात, सही करायची गरज नसते. आणि क्रॉस-चेक करणं म्हणजे एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणाहून पडताळून बघणं, याचा बँकेशी संबंधच नाही. मराठीत सरळ 'पडताळून बघ' म्हणा, सुंदर शब्द आहे.

८. गाडी क्रॉसिंगला थांबली म्हणजे फाटकात थांबली का?

नाही. फाटक म्हणजे लेव्हल क्रॉसिंग, जिथे रस्ता रुळांना आडवा जातो. गाडी क्रॉसिंगला थांबते ते एकेरी लाइनवर, समोरून गाडी येत असते म्हणून एका गाडीला स्टेशनात बाजूच्या लाइनवर घेतात आणि समोरची निघून गेली की सोडतात. मनमाड-दौंड मार्ग वर्षानुवर्षं एकेरी होता, आता तिथे दुहेरीकरण होत आलंय. त्या गाडीने नगरला गेलेल्या माणसाला क्रॉसिंग म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, मध्येच कुठल्यातरी छोट्या स्टेशनवर पंखे बंद, चहावाला खिडकीपाशी आणि सगळे एकमेकांना विचारतायत, क्रॉसिंग का?

पण नाशिकरोड ते मनमाड दुहेरी लाइन आहे, तिथे समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबायची गरज नसते. तिथे गाडी थांबवतात ती मागून येणारी फास्ट गाडी पुढे काढायला. लोक त्यालाही क्रॉसिंगच म्हणतात, बोलण्यात चालतं, पण खरं म्हणजे ते क्रॉसिंग नाही.

९. डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसनची काडी भरली, म्हणजे ती बाग क्रॉसची झाली का?

दिंडोरी-निफाडकडची मुलं हमखास हा प्रश्न विचारतात. डॉगरिज म्हणजे खाली मुळांसाठी लावलेला खुंट आणि थॉम्पसन म्हणजे वर फळ देणारी द्राक्षाची जात. तर नाही, ती बाग कलमाची झाली. क्रॉस म्हणजे एका जातीचे परागकण दुसऱ्या जातीच्या फुलावर टाकून बी तयार करणं आणि त्या बीपासून नवीनच रोप, ज्यात दोघांचे गुण मिसळलेले. कलमात काहीच मिसळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावतात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास काडीला पाचर काढून, खुंटाला चीर देऊन, काडी आत बसवून पट्टी घट्ट गुंडाळतात, आणि पुढे कितीही वर्षांनी बघा, सांध्याच्या खाली डॉगरिज तो डॉगरिज आणि वर थॉम्पसन ती थॉम्पसन. एकमेकांच्या आधाराने जगतात पण आपापल्या जातीचे राहतात.

सोनाका, तास-ए-गणेश यापण क्रॉस नाहीत, त्या थॉम्पसनच्याच वेलीवर वेगळा गुण दिसला म्हणून निवडून वाढवलेल्या. खरा क्रॉस हवा असेल तर पुण्याच्या आघारकर संस्थेची एआरआय-५१६ बघा, कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्यापासून केलेली, ज्यूसला चांगली. आणि गंमतीचा भाग असा की स्वतः डॉगरिज हा खुंट दोन रानटी जातींच्या नैसर्गिक संकरातून आलाय. म्हणजे बाग क्रॉसची नाही, पण खुंट मात्र आहे.

१०. क्रॉसची गाय म्हणतात तेच का हे? माणसालाही म्हणतात का?

गाईला हो. संकरित गाय म्हणजे क्रॉस, राहुरी विद्यापीठाची फुले त्रिवेणी हे त्याचं चांगलं उदाहरण, त्यात होल्स्टीन, जर्सी आणि गीर तिघींचं रक्त आहे. माणसाला कधीच म्हणू नका. आंतरजातीय किंवा दोन प्रांतांच्या आईबापाच्या लेकराला 'हा क्रॉस आहे' म्हणताना मी ऐकलंय, बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण तो शब्द गोठ्यातला आहे आणि त्या लेकराला तो कायम लक्षात राहतो.

११. डॉक्टरांच्या गाडीवर लाल क्रॉस असतो, तो ख्रिश्चन आहे का? आणि लावायला परवानगी असते का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर, नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारात युद्धातल्या जखमींची सेवा करणाऱ्यांसाठी हे चिन्ह ठरलं, आणि ते स्विस झेंड्याचे रंग उलटे करून घेतलेलं आहे, झेंडा लाल आणि क्रॉस पांढरा, म्हणून चिन्हात जमीन पांढरी आणि क्रॉस लाल. तरी लोकांना ते धार्मिक वाटणारच, म्हणून तुर्कांनी १८७६ पासून लाल चंद्रकोर वापरली, आणि २००५ मध्ये कुठल्याच धर्माशी न जोडलेला लाल स्फटिकही मान्य झाला.

दुसऱ्याचं उत्तर, सहजासहजी नाही. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायदा आहे आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह वापरणं गुन्हा आहे, दवाखाना असो की मेडिकल. दंडाची रक्कम लहान आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही, पण कारण खूप मोठं आहे. रणांगणावर तो लाल क्रॉस म्हणजे 'इथे गोळी मारू नका' असा निरोप असतो, आणि तो कुठेही चिकटवला तर त्याची किंमत जाते. मला हे मनापासून पटतं.

१२. ब्लड बँकेत क्रॉसमॅचला वेळ लागतो म्हणतात, ग्रुप तर जुळलाय ना?

ग्रुप जुळला तरी करावं लागतं. पेशंटच्या रक्तातला द्रव आणि देणाऱ्याच्या तांबड्या पेशी एकत्र करून गुठळ्या होतात का ते बघतात. एकाचं दुसऱ्याशी आडवं लावून बघणं, म्हणून क्रॉस. गुठळी झाली तर ते रक्त त्या पेशंटला द्यायचं नाही, सरळ. तिथल्या माणसावर चिडू नका, तो तुमच्याच माणसाचा जीव सांभाळतोय.

१३. शब्दकोड्याला क्रॉसवर्ड का म्हणतात? त्यात चर्च कुठे आलं?

चर्च नाही, आडवं आहे. २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपरात आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं, चौकटीच्या आकाराचं नाही, शंकरपाळ्यासारखं. त्याचं नाव होतं वर्ड-क्रॉस, थोड्याच आठवड्यांत छापताना ते उलटं होऊन क्रॉस-वर्ड झालं आणि तेच टिकलं. इंग्रजीत सूचना असतात अक्रॉस आणि डाऊन, आपल्या पेपरात असतात आडवे शब्द आणि उभे शब्द. बघा, परत तेच आडवं.

१४. क्रुशियल, क्रक्स, क्रूझ, क्रुएल हे सगळे क्रॉसचे नातेवाईक का?

क्रक्स तर मूळ शब्दच आहे. क्रुशियल हो, फ्रान्सिस बेकनने चौफुलीवरच्या दिशादर्शक खांबाची उपमा दिली होती, इथून कुठल्या वाटेने जायचं ते ठरवणारा, त्यावरून निर्णायक असा अर्थ आला. क्रूझ, म्हणजे जहाजाची सफर, हा शब्द डच भाषेतून आला, समुद्रात आडवंतिडवं फिरणं. क्रुसेडही हो, आणि फार वेदना सांगणारं एक्सक्रुशिएटिंगही. क्रुएल नाही, तो वेगळ्या लॅटिन शब्दावरून आलाय.

१५. एक्समस मधला एक्स म्हणजे क्रॉस ना? आणि अधिकचं चिन्ह?

दोन्हीला नाही. एक्समस म्हणजे ख्रिसमस, आणि त्यातला एक्स हे ग्रीक भाषेतलं 'की' नावाचं अक्षर आहे, ख्रिस्त या शब्दाचं पहिलं अक्षर. येशूचं नाव खोडलं असं काही जण समजतात, उलट ते नाव लिहायचीच ती जुनी पद्धत आहे. अधिकचं चिन्ह लॅटिन 'एत' म्हणजे 'आणि' हे घाईत लिहिताना तयार झालं असं मानतात, छापील पुस्तकात ते १४८९ मध्ये दिसतं. गुणाकाराची तिरकी फुली मात्र १६३१ मध्ये ऑट्रेड यांनी वापरली आणि तिला आंद्रियाच्या क्रॉसचंच नाव आहे, वर ३ बघा.

१६. परदेशात आमच्या स्वस्तिकाला कुणीतरी क्रॉस म्हणालं, हे कसं?

जर्मनीत गेलेल्या एका विद्यार्थ्याने दारावर स्वस्तिक काढलं आणि शेजारी घाबरले, तेव्हा त्याने मला हे विचारलं. जर्मन भाषेत नाझी चिन्हाला हाकेनक्रॉइत्स म्हणतात, म्हणजे हुकासारख्या वाकड्या टोकांचा क्रॉस. हिटलरच्या पक्षाने १९२० मध्ये ते झेंड्यावर घेतलं. स्वस्तिक हा आपला शब्द सु आणि अस्ति मधून येतो, कल्याण असो. आकार हजारो वर्षं जुना, अनेक संस्कृतींत सापडणारा. तिकडच्या माणसाला समजावताना 'हे क्रॉस नाही, हे आमच्या देवघरातलं चिन्ह आहे' असं शांतपणे सांगा, पण त्याच्या भीतीमागे लाखो माणसं मारली गेल्याची आठवण आहे हेही मान्य करा. आणि तिथे ते उघड दाखवण्यावर कायद्याची बंधनं आहेत, म्हणून धार्मिक वापर असला तरी आधी चौकशी करून मगच बाहेरच्या दारावर काढा.

१७. शाळेत फुली म्हणजे चूक, मग मतपत्रिकेवर फुली का मारायचो?

कारण फुली ही आधी नुसती खूण आहे, बरोबर की चूक हे नंतर ठरतं. अक्षर न येणारा माणूस युरोपात सहीऐवजी फुली करायचा, आपल्याकडे अंगठा. इंग्लंडमध्ये अजूनही पेन्सिलीने फुली करून मत देतात. आपल्याकडच्या मतपत्रिकेच्या शिक्क्यावर बाणांची फुली असते, दिसायला साधारण स्वस्तिकासारखी, आणि त्यात एक हुशारी आहे. कागदाची घडी घातल्यावर शाई दुसऱ्या उमेदवारासमोर उमटली तर तो ठसा उलटा दिसतो, त्यामुळे मोजणाऱ्याला खरं मत कुठलं ते कळतं.

१८. डबल क्रॉस, क्रॉस एक्झामिनेशन, क्रॉस व्होटिंग हे सगळं एकाच अर्थाचं का?

आडव्या जाण्याचेच तीन प्रकार. कोर्टात आपल्या साक्षीदाराची सरतपासणी, समोरच्या वकिलाने घेतलेली उलटतपासणी, मग फेरतपासणी, मराठीत तर हे इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे. उलटतपासणीत वकिलाला सूचक प्रश्न विचारता येतात, सरतपासणीत सहसा नाही. क्रॉस व्होटिंग म्हणजे आपल्या पक्षाला आडवं जाऊन मत देणं. डबल क्रॉस जुन्या शर्यतींच्या सट्ट्यातलं, तिथे क्रॉस म्हणजे लबाडी. हरायचं कबूल करून पैसे घ्यायचे आणि मग जिंकूनच दाखवायचं, म्हणजे लबाडीतही लबाडी. मराठीत दगा.

१९. फिंगर्स क्रॉस्ड आणि क्रॉस टु बेअर मराठीत कसं म्हणू?

फिंगर्स क्रॉस्डला आपल्याकडे याहून छान आहे, देव पाण्यात ठेवून बसणे. क्रॉस टु बेअर मात्र जपून वापरा. ते बायबलमधल्या 'आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे ये' या वचनावरून आलंय, म्हणजे जन्मभराचं दुःख, जे टाळता येत नाही आणि सोसायचंच असतं. आजारी मूल सांभाळणाऱ्या आईबद्दल म्हणता येईल. गंगापूर रोडच्या ट्रॅफिकबद्दल नको.

२०. व्हिक्टोरिया क्रॉस आपल्या कुणाला मिळालाय का?

हो. १८५६ मध्ये सुरू झालेलं हे ब्रिटिशांचं शौर्यपदक मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे यांना १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर मिळालं आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या इटलीतल्याच लढाईसाठी. नामदेव जाधव शेजारच्याच नगर जिल्ह्यातले, निमज गावचे.

२१. मुलगा बंगळूरला आहे, पत्ता सांगतो 'फिफ्थ क्रॉस, थर्ड मेन'. हा कुठला क्रॉस?

तिथे मोठ्या सरळ रस्त्याला मेन म्हणतात आणि त्याला आडव्या जाणाऱ्या गल्लीला क्रॉस, दोन्हींना नंबर. म्हणजे तिसऱ्या मेन रोडला जिथे पाचवी आडवी गल्ली मिळते तिथे त्याचं घर. तो चौक नाही, गल्ली आहे, हे लक्षात ठेवा. आपण ज्याला चौफुली म्हणतो त्याला इंग्रजीत क्रॉसरोड्स म्हणायचं, शेवटचा स हवाच. कुरिअर पाठवताना क्रॉसचा आणि मेनचा नंबर उलटा झाला तर पार्सल भलत्याच गल्लीत जातं, तेवढं दोनदा बघून लिहा.